निरामिष आमिष

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. पैठण तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान प्रदर्शन होते. परीक्षक म्हणून मला छत्रपती संभाजीनगरहून बोलावले होते. टेबलांच्या रांगेत नेहमीची मंडळी हजर होती : ज्वालामुखी, पवनचक्की, ठिबक सिंचन, सूर्यमाला. अगदी शेवटच्या टेबलावर सातवीतला एक मुलगा पाण्याने भरलेला टब घेऊन उभा होता. टबात वीतभर लांबीचा एक लाकडी मासा तरंगत होता. त्याच्या तोंडाखाली पत्र्याची छोटी जीभ होती आणि नाकाला दोरी बांधलेली होती. मुलाने दोरी ओढली की मासा डोके खाली घालून डावी-उजवीकडे हेलकावे खात पुढे यायचा.

“हे कशासाठी?” मी विचारले.

“मासा फसवायला.”

“यात विज्ञानाचं तत्त्व कोणतं?”

मुलगा गप्प. टेबलावर तक्ताही नव्हता. मी दहापैकी तीन गुण लिहिले आणि पुढे गेलो.

निघताना चहा व्हायचा होता, म्हणून सहज परत त्याच्याकडे गेलो. तो भोई कुटुंबातला होता. घरी वडील आणि आजोबा नाथसागरात जाळे टाकणारे. शहरातून हौसेने गळ टाकायला येणाऱ्या कोणाचा तरी मोडका प्लास्टिकचा मासा त्याला काठावर सापडला होता. तो पाहून त्याने स्वतःचा करायला घेतला. “आधी बाभळीचा केला, तर खिळे ठोकल्यावर बुडाला. मग पांगाऱ्याचा केला, तर पोट वर करून उलटा झाला. मग जाळ्याला असतं ते शिसं पोटात ठोकलं, तवा सरळ राहिला.” जीभ कशी बसवलीस, असे विचारल्यावर म्हणाला, “कमी तिरपी लावली तर नुसता सरळ येतो. जास्त तिरपी लावली तर गरगरतो. ही पाचवी आहे.”

गुणांचा कागद तोपर्यंत गेला होता. परतीच्या पन्नास किलोमीटरमध्ये मला स्वतःचीच लाज वाटत राहिली. घनता, उत्प्लावन, गुरुत्वमध्य आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहण्याची पद्धत, एवढे सगळे त्या टबात होते. नव्हता तो फक्त तक्ता. हा लेख म्हणजे त्या तीन गुणांची, उशिरा का होईना, केलेली दुरुस्ती आहे. त्यासाठी मला माशांना फसवण्याचा इतिहास वाचावा लागला.

राजाचा छंद

सुरुवात आपल्या शेजारूनच करू. उमरग्याच्या पलीकडे, आजच्या कर्नाटकातल्या बीदर जिल्ह्यात, बसवकल्याण आहे. चालुक्यांची राजधानी कल्याणी ती हीच. आजच्या मराठवाड्याचा मोठा भाग तेव्हा त्यांच्या राज्यात होता. सहाव्या विक्रमादित्याचा मुलगा तिसरा सोमेश्वर ११२६ ते ११३८ या काळात गादीवर होता. त्याने ११३०च्या सुमारास ‘मानसोल्लास’ नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. त्याचे पाच भाग आहेत आणि प्रत्येक भागात वीस प्रकरणे. राज्यकारभार, औषधे, स्वयंपाक, हत्ती, संगीत, खेळ असे जगातले बहुतेक सगळे त्यात आहे. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात, ही नोंदही याच ग्रंथातली.

त्यातले एक प्रकरण आहे ‘मत्स्यविनोद’, म्हणजे गळाने मासे पकडण्याची करमणूक. त्यात पस्तीसच्या आसपास मासे सांगितले आहेत. समुद्रातले आणि नदीतले, खवल्यांचे आणि बिनखवल्यांचे, मोठे, मध्यम आणि लहान, अशी त्यांची वर्गवारी आहे. मग येते काठी, दोरी आणि गळ यांचे वर्णन. आणि सगळ्यात लक्षवेधी भाग म्हणजे खाद्याचा. माशांना ठरलेल्या जागी खाऊ घालून आधी सवय लावायची आणि कोणत्या माशाला काय आवडते ते ओळखून तेच द्यायचे. काहींना पिठाचे गोळे, काहींना मांस. म्हणजे कोणता मासा काय खातो, याची ही यादीच झाली.

हा ग्रंथ बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत श्रीगोंदेकरांनी संपादित करून १९२५पासून तीन खंडांत छापला. पण त्यातले मासे म्हणजे नेमके कोणते, हे ओळखायला प्राणिशास्त्रज्ञच हवा होता. भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे संचालक सुंदरलाल होरा यांनी ते काम अंगावर घेतले आणि १९५१ मध्ये ‘मत्स्यविनोदा’वर लेख प्रसिद्ध केला. राजाच्या करमणुकीच्या पुस्तकात मत्स्यशास्त्र शोधणारा माणूस मला फार जवळचा वाटतो.

आता एका शब्दाकडे लक्ष द्या. गळाला लावतो त्याला आपण आमिष म्हणतो. संस्कृतात आमिष म्हणजे मूळचे मांस. म्हणूनच मांस न खाणारा तो निरामिष. सोमेश्वराचे आमिष, पिठाचे असो वा मांसाचे, खरेखुरे खाद्य होते. मासा गळाला लागत असे तो वासाने आणि चवीने. त्या मुलाच्या हातात होते ते मात्र अगदी निरामिष आमिष. त्याला ना वास, ना चव. खाण्यासारखे त्यात काहीही नव्हते. मग मासा त्याच्याकडे का यावा?

लाल लोकर, शिंपला आणि चमचा

हा प्रश्न माणसाने अनेक ठिकाणी स्वतंत्रपणे सोडवला. इ. स. २००च्या सुमारास एलियन नावाच्या रोमन लेखकाने मॅसिडोनियातल्या लोकांची एक युक्ती लिहून ठेवली. तिथल्या नदीत मासे पाण्यावरच्या एका माशीवर झडप घालत. ती माशी गळाला लावायला गेले की तिचा रंग जाई आणि पंख गळत. म्हणून कोळ्यांनी गळाभोवती लाल लोकर गुंडाळली आणि वर कोंबड्याची दोन पिसे बांधली. मासे त्यालाच फसू लागले.

पॅसिफिक बेटांवरचे लोक मोत्याच्या शिंपल्याची चकचकीत पट्टी कापून तिला हाडाचा काटा बांधत. होडीमागे ती पट्टी ओढली की पाण्यात पळणाऱ्या छोट्या माशासारखी लकाके. जपानच्या दक्षिणेकडे माकूळ पकडायला लाकडाची कोळंबी वापरत. तिचे नाव ‘एगी’. एगी या शब्दाचा अर्थच मुळी ‘आमिषाचे लाकूड’ असा आहे. पाण्यात पडलेल्या जळक्या लाकडाला माकुळाने मिठी मारलेली कोणीतरी पाहिली आणि त्यातून ही कल्पना सुचली, असे तिथे सांगतात.

अमेरिकेतल्या ज्यूलिओ ब्यूएलने १८५२ मध्ये चमच्याच्या आकाराच्या आमिषाचे पेटंट घेतले. नावेत जेवताना त्याच्या हातून चमचा पाण्यात पडला आणि हेलकावत बुडणाऱ्या त्या चमच्यावर माशाने झडप घातली, अशी आख्यायिका आहे. हा चमचा लवकरच आपल्याकडेही पोहोचला. मद्रास इलाख्यातला मुलकी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस याने १८७३ मध्ये मंगळूरहून ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक काढले. आपल्या नद्यांमधल्या महसीरला चमचा कसा चालतो, याची चर्चा त्यात आहे.

या सगळ्या गोष्टींमध्ये एक सूत्र दिसते. माशीचा लाल रंग ठेवला आणि माशी सोडून दिली. माशाची लकाकी ठेवली आणि मासा सोडून दिला. बुडणाऱ्या जिवाचा हेलकावा ठेवला आणि जीवच सोडून दिला. फसवायला किती कमी लागते, हे कोळी लोक शतकानुशतके मोजत आले होते.

लाकडाला पोहायला शिकवणे

मिशिगन राज्यातल्या डोवाजिॲक गावी जेम्स हेडन नावाचा मधमाश्या पाळणारा गृहस्थ राहत असे. एकदा गिरणीच्या तळ्याकाठी मित्राची वाट पाहत तो चाकूने लाकडाचा तुकडा तासत बसला होता. मित्र आल्यावर त्याने तो तुकडा पाण्यात भिरकावला आणि एका बास माशाने त्याच्यावर झडप घातली. ही गोष्ट त्याच्या कंपनीनेच पुढे पसरवली, तेव्हा ती थोडी चवीने ऐकावी. पण त्याने लाकडी बेडूक कोरले आणि १९०२ मध्ये लाकडी आमिषाचे पेटंट घेतले, हे मात्र खरे.

फिनलंडमधला लाउरी रापाला हा गरीब कोळी. त्याच्या निरीक्षणाची मला जास्त मौज वाटते. मोठा मासा छोट्या माशांच्या थव्यात घुसतो तेव्हा तो कोणाला निवडतो? जो जरासा वेगळा, जखमी झाल्यासारखा डगमगत पोहतो, त्याला. म्हणून १९३६ मध्ये रापालाने बुचाच्या लाकडाचा मासा कोरला, त्याला चॉकलेटचा चंदेरी कागद चिकटवला आणि वर फोटोच्या निगेटिव्ह वितळवून त्याचा लेप दिला. पुढे जीभ बसवली. त्याला सुंदर मासा बनवायचा नव्हता. त्याला आजारी मासा बनवायचा होता.

समुद्रकाठी हे काम आणखी अवघड होते. आपल्या कोकणात खडकावर बसून गरवणारे लोक तुम्ही पाहिले असतील. लाटा फुटतात तिथे मासा असतो, कारण फेसात छोटे जीव गोंधळतात. पण काठावर उभे राहून तिथवर आमिष फेकायचे म्हणजे समोरून वारा. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर श्रीमंत शौकिनांनी १८६४ मध्ये कटीहंक बेटावर क्लब काढला, तेव्हा ते पट्टेरी बास पकडायला चक्क शेवंड गळाला लावत. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्याच किनाऱ्यावर कामगार माणसे घरच्या लेथवर लाकडी मासे कातू लागली होती. ते जड हवेत, म्हणजे लांब जातील. वजन शेपटीकडे हवे, म्हणजे हवेत गरगरणार नाहीत. आणि तरीही ते तरंगायला हवेत, म्हणजे खडकात अडकणार नाहीत.

या तीन अटी एकमेकींशी भांडतात. त्यांची मांडवली करणे म्हणजे आर्किमिडीजचे गणित. समजा, माशाचे आकारमान ४० घन सेंटिमीटर आहे. गोड्या पाण्यात तो जास्तीत जास्त ४० ग्रॅम पाणी बाजूला सारू शकतो. पांगारा किंवा सावरीसारखे हलके लाकूड घेतले आणि त्याची घनता ०.४ धरली, तर लाकूड १६ ग्रॅमचे झाले. म्हणजे शिसे, खिळे आणि पत्रा मिळून साधारण २४ ग्रॅमपर्यंत चैन करता येते. बाभळीची घनता ०.८ धरली, तर लाकूडच ३२ ग्रॅमचे आणि हातात उरतात फक्त ८. खिळे ठोकल्यावर तो मासा बुडाला तो यामुळेच.

पांगाऱ्याचा मासा उलटा का झाला? तरंगणाऱ्या वस्तूवर दोन बले काम करतात. वजन गुरुत्वमध्यातून खाली आणि उत्प्लावन बल उत्प्लावनमध्यातून वर. शिसे पोटात ठोकले की गुरुत्वमध्य खाली जातो. मग मासा कलला की ही दोन बले मिळून त्याला पुन्हा सरळ करतात. आपल्या लहानपणी मिळणारी, पाडली तरी उभी राहणारी बाहुली याच तत्त्वावर चाले. आणि जीभ? ओढल्यावर पाणी जिभेवर आदळते आणि डोके खाली दाबते. जिभेच्या दोन कडांवरून पाणी आळीपाळीने भोवरे करत सुटते, म्हणून डोके एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे ढकलले जाते. दर वेळी पोटातले शिसे त्याला सावरते. हा ढकलण्या-सावरण्याचा खेळ म्हणजेच पोहणे. जीभ फार तिरपी झाली की ढकलणे जिंकते आणि मासा गरगरतो. मुलाने हे पाच जिभांत शोधले होते.

मासा काय पाहतो?

कोळी जे करून पाहत होते, तोच प्रश्न विसाव्या शतकात प्रयोगशाळेत आला. माशांना रंग दिसत नाहीत, असे एक मोठे नेत्रतज्ज्ञ ठासून सांगत होते. कार्ल फॉन फ्रिश यांनी प्रयोग करून ते खोडून काढले. पुढे १९२३ मध्ये त्यांनी दृष्टी नसलेला एक मार्जारमीन शिट्टी वाजवली की खाण्यासाठी बाहेर येतो हे दाखवून, माशांना ऐकू येते हेही सिद्ध केले. त्यांच्याकडेच शिकलेल्या स्वेन डाइकग्राफने १९३०च्या दशकात पार्श्वरेखेचे काम उलगडले.

पार्श्वरेखा तुम्ही वर्गात शिकवलेली असते. माशाच्या कुशीवरून कल्ल्यापासून शेपटीपर्यंत जाणारी बारीक रेघ. मी बी. एस्सी.ला असताना फॉर्मलिनमधल्या रोहूवर ती रेघ दाखवून गुण मिळवले होते. ती कशासाठी असते, हे मला कोणी विचारले नाही आणि मीही कोणाला विचारले नाही. डाइकग्राफने दाखवले की जवळच्या पाण्याची हालचाल मासा या रेघेने ओळखतो. तो त्याला दुरून केलेला स्पर्श म्हणे. गढूळ पाण्यात, फेसात, अंधारात, डोळ्यांचा उपयोग नसतानाही लाकडाचा हेलकावा माशापर्यंत असा पोहोचतो.

सगळ्यात सुंदर प्रयोग नीको टिनबर्गेनचे. स्टिकलबॅक या छोट्या माशाच्या नराचे पोट विणीच्या काळात लाल होते आणि तो आपल्या हद्दीत आलेल्या दुसऱ्या नरावर धावून जातो. टिनबर्गेनने नकली मासे केले. काही हुबेहूब, पण लाल पोट नसलेले. काही नुसते ओबडधोबड गोळे, पण खालून लाल रंगवलेले. नर हुबेहूब माशाकडे फारसे लक्ष देईनात, पण लाल गोळ्यावर धावून जात. खिडकीबाहेरून टपालाची लाल गाडी गेली की टाकीतले नर तिच्यावरही चाल करून जात. पुढच्या संशोधकांना प्रत्येक वेळी इतका स्वच्छ निकाल मिळाला नाही, आणि तेही शिकवण्यासारखेच आहे. पण मुख्य मुद्दा टिकला. प्राणी सगळे चित्र पाहत नाही, तो थोड्या खुणांना प्रतिसाद देतो. १९७३ मध्ये फॉन फ्रिश, लोरेन्झ आणि टिनबर्गेन यांना मिळून नोबेल पारितोषिक मिळाले.

टिनबर्गेनचा लाल गोळा आणि रापालाचा डगमगणारा मासा शेजारी ठेवून पाहा. दोघांनीही माशाला एकच प्रश्न विचारला होता : यातले काय काढून टाकले तरी तुला चालेल? एकाच्या नकली माशाला गळ नव्हता आणि हाती वही होती, एवढाच फरक.

वही कोणाची?

पण हा फरक लहान नाही. सोमेश्वर राजा होता. कोणत्या माशाला काय आवडते, हे त्याने स्वतः नदीकाठी बसून शोधले असेल, असे मला वाटत नाही. ते त्याला सांगणारे भोई किंवा कोळी असणार. त्यांची नावे ग्रंथात नाहीत.

कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनची पाहणी करताना मासेही गोळा केले आणि १८३९ मध्ये त्यांची शास्त्रीय वर्णने प्रसिद्ध केली. अनेक प्रजातींना त्याने इथल्या लोकांच्या तोंडची नावेच दिली. म्हणून आपल्या महसीरचे शास्त्रीय नाव आजही टॉर खुद्री आहे. माशाचे नाव शास्त्रात गेले, नाव सांगणारा काठावरच राहिला.

त्या दिवशी टेबलासमोर उभा राहून मीही तेच केले. ज्ञान समोर होते, पण ते माझ्या ओळखीच्या कागदावर नव्हते. तक्ता हवा, हे मी नाकारत नाही. लिहिल्याशिवाय विज्ञान पुढे जात नाही. पण लिहायला शिकवणे हे आपले काम, आणि न लिहिल्याबद्दल गुण कापून आपण ते टाळतो.

म्हणून एक सुचवतो. सहावी-सातवीच्या मुलांना बोटभर लांबीचे हलक्या लाकडाचे तुकडे द्या. गळ लावायचा नाही. कानशीने आकार देऊ द्या, आधी तरंगवू द्या, मग सरळ राहायला शिकवू द्या, मग पत्र्याच्या कडा घासून जीभ बसवू द्या. प्रत्येक फेरीला एकच गोष्ट बदलायची आणि काय झाले ते स्वतःच्या शब्दांत लिहायचे. जवळ तळे किंवा पाझर तलाव असेल, तर मोठ्यांच्या सोबतीने दोरीला बांधून दहा मिनिटे ओढा आणि किती मासे जवळ आले ते मोजा. मग रंग बदला, पण वेग तोच ठेवा. मग वेग बदला, पण रंग तोच. तुमच्या वर्गात भोयाचे मूल असेल, तर त्या दिवशी फळ्याजवळ त्याला उभे करा.

तो मुलगा आता दहावीत आहे. गेल्या वर्षी त्याच्या सरांबरोबर त्याने मला एक कागद पाठवला. पाच जिभांचा तक्ता केला होता : जिभेचा कल, किती वेळा हलला, किती वेळा उलटला. कल त्याने कंपासपेटीतल्या कोनमापकाने मोजला होता. खाली एक प्रश्न होता : “सर, पोट भरलेला मासापण याला चावतो. भूक नसताना का चावतो?”

हद्द राखायला, चिडून, किंवा पळणारी वस्तू दिसली की तोंड उघडते म्हणून, अशी तीन उत्तरे मी त्याला कळवली आणि यातले कोणते खरे ते कसे ठरवशील, असे विचारले आहे. त्याचे उत्तर अजून यायचे आहे.